मामांनी पास केलेली गाडी

"आता गुलाबमामाबी खायला लागला म्हणं," टपरीवरचा एक जण म्हणाला आणि बशीतला चहा फुंकत बसला.

"कलियुग हाय," दुसरा म्हणाला. मग दोघांनी मिळून एक खारी मागवली आणि कलियुगाचा विषय संपला.

मी तिथेच उभी होते, कंपनीच्या बसची वाट बघत. ते जे बोलत होते ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्या टपरीवर फक्त मला माहीत होतं. मी मोबाइलमध्ये बघत राहिले. न बोलण्यात माझा हात धरणारं माणूस शिरूर तालुक्यात सापडायचं नाही. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि इंग्रजी मला येत नव्हतं. त्यामुळे पहिली ते चौथी मी मानेवर काढली. बाई काही म्हणाल्या की होकाराची मान हलवायची. पुढे इंग्रजी आलं, मराठी होतंच, पण मानेची सवय गेली नाही.

गुलाबमामांचं गॅरेज त्या टपरीच्या समोर आहे. वडगाव रासाईचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो त्या फाट्यावर, पत्र्याचं. गुलाब शेख हे पूर्ण नाव, पण ते फक्त वीजबिलावर. त्यांचे आजोबा ह्याच जागेवर बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. वडील नदीवरची पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचे. मामा गाड्या करतात. "आमी हिथनं हाललो न्हाई," मामा म्हणायचे, "लोकांचीच वाहनं बदलत गेली."

गाडी घेऊन कोणीही आलं तरी मामांचा पहिला प्रश्न एकच असायचा. "चालवतंय कोण?"

मालक बोलायला लागला की मामा हात वर करायचे, चौकातला पोलीस करतो तसा. "मालकाला गाडीची किंमत म्हाईत आसती. गाडी म्हाईत आसती चालवणाऱ्याला." एकदा एक बडे ठेकेदार आले. पांढरे कपडे, पांढरी गाडी. डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी लाइट लागली होती. दहा मिनिटं त्यांनी गाडीचा इतिहास सांगितला. मामा तोवर कानस घेऊन कुठलातरी पत्रा घासत होते. शेवटी विचारलं, चालवतंय कोण? ड्रायव्हर. कुठाय? सुट्टीवर गेलाय.

"मग गाडीबी सुट्टीवर ठेवा," मामा म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले.

दुसऱ्या एका गृहस्थांनी छातीला हात लावून सांगितलं की मीच चालवतो. मामांनी दार उघडून ड्रायव्हरची सीट बघितली. ती स्टेअरिंगला चिकटलेली होती. "मग तुमचं गुडघं कुठं ठिवता?" मागच्या सीटवर त्यांची बायको बसली होती, पदर सावरून, रस्त्याकडे बघत. गाडी ती चालवायची, पण वेस आली की दोघं जागा बदलायचे. मामांनी तिला खाली उतरवून खुर्ची दिली. दोन वाक्यांत तिने काय ते सांगितलं: चढाला दुसऱ्या गिअरवर गाडी धक्के देते, आणि लाइट नेमकी त्यानंतर लागते. "हां," मामा म्हणाले, "आता आजारी माणूस भेटलं."

मामांकडे स्कॅनर होता. स्टेअरिंगखाली वायर जोडली की पडद्यावर बिघाडाचा नंबर यायचा. पण नंबर म्हणजे निकाल, असं मामा मानत नव्हते. नंबर म्हणजे फिर्याद. आणि सगळ्यात जास्त फिर्यादी असायच्या ऑक्सिजन सेन्सरच्या. हा सेन्सर धुराच्या नळीत बसलेला असतो आणि जळलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते इंजिनला कळवतो. तो शब्द काढायलाही मामा कचरायचे. त्या साथीच्या वर्षानंतर आमच्याकडे ऑक्सिजन म्हटलं की माणसं दचकतात. एका आबांनी तर घाबरून विचारलं होतं, म्हंजी गाडीला सिलिंडर लावावा लागंल का? तेव्हापासून मामा त्याला "वास घेणारा" म्हणायचे.

इतर गॅरेजवाले नंबरात सेन्सरचं नाव आलं की सेन्सर बदलायचे. मामा आधी उदबत्ती पेटवायचे. ती नळीच्या प्रत्येक सांध्यापाशी धरायची आणि धूर कुठे थरथरतो ते बघायचं, कारण सांध्याला भोक असेल तर बाहेरची हवा आत जाते आणि वास घेणाऱ्याला ती धुरातलीच वाटते. मग वायरी. आमच्याकडे उसातले उंदीर गाडीत राहायला येतात आणि वायर खातात. मग एअर फिल्टर, मग पेट्रोल कुठं भरलं त्याची चौकशी. सेन्सरचा नंबर सगळ्यात शेवटी. "ह्यानं फकस्त खरं सांगितलं," मामा म्हणायचे. "खरं सांगणाऱ्याला पहिला काढून टाकायचा, ही आपल्याकडची रीतच हाय."

दुसऱ्यांनी उगाच काढून फेकलेले चांगले सेन्सर मामा मागून आणायचे. गॅरेजच्या आतल्या भिंतीवर ते खिळ्यांना टांगलेले होते, खाली खडूने गावाचं नाव. मांडवगण, पारगाव, न्हावरा, केडगाव. ह्या सगळ्यांना मिळून मामा "बेकसूर मंडळी" म्हणायचे आणि शुक्रवारी नमाजावरून आले की फडक्याने पुसायचे. जैनबमामींना ह्याचा फार राग. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर. "घरातली भांडी कधी पुसली न्हाईत," त्या गिऱ्हाइकांसमोरच म्हणायच्या. "आन् त्ये जगाला इचारत्यात, चालवतंय कोण. हे घर कोण चालवतंय, त्ये कवा इचारलं का?"

मामांना दुसरं एक काम होतं, ज्याचे ते चहाशिवाय काही घेत नसत. आमच्या भागात जुनी गाडी घ्यायची-द्यायची असली की दोन्ही पार्ट्या गाडी मामांपुढे उभी करायच्या. मामा ड्रायव्हरच्या जागी बसायचे आणि किल्ली अर्धीच फिरवायचे. इंजिनची लाइट लागली पाहिजे. इंजिन सुरू झालं की विझली पाहिजे. लागलीच नाही तर कोणीतरी तिचा गळा दाबलाय, असं समजायचं. मग स्कॅनर. मग गोणपाट पसरून मामा गाडीखाली जायचे. बाहेर येऊन "हाय" म्हणाले की व्यवहार झाला, "न्हाई" म्हणाले की मोडला. त्यावर अपील नव्हतं. कोर्टापेक्षा बरं, लोक म्हणायचे, तारीख पडत न्हाई.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गाडीची लाइट लागली. जुनी पेट्रोलची गाडी, नाव दादाचं, चालवायचे मी. वडगाव रासाई ते कोरेगाव भीमा, तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात. दादाने मोबाइलवर बघितलं, शिरूरला जाऊन मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलून आणला आणि मला म्हणाला, झालं. चौथ्या दिवशी लाइट पुन्हा लागली. मग आम्ही मामांकडे गेलो.

दादा बोलायला लागला. मामांनी हात वर केला. खुर्ची मला मिळाली.

मला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. घरी नाही, शाळेत नाही, ऑफिसात तर नाहीच. ऑफिसात माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी सांगितलेले आकडे भरणं. मामांनी विचारलं, सकाळी सुरू करताना कशी वाटती, ऑइल कवा टाकलं, मागून येणारे कधी हॉर्न वाजवून काही दाखवतात का. मी सांगितलं की दर पंधरा दिवसांनी ऑइल कमी झालेलं असतं. आणि सकाळी मागच्या आरशात निळा धूर दिसतो. हे दादालाही माहीत नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं. मी सलग पाच-सहा वाक्यं बोलले, आणि मामा मधे एकदाही बोलले नाहीत.

मग स्कॅनर लावून त्यांनी मला पडदा दाखवला. नंबर आला चारशेवीस. हा विनोद माझा नाही, गाडी बनवणाऱ्यांचा आहे. पडद्यावर दोन रेघा होत्या.

"ही वरची पुढच्या वास घेणाऱ्याची. ती अशी वर-खाली व्हायालाच पायजे. मधी धूर साफ करणारी गाळणी आसती. गाळणी धड आसंल तर मागचा गप बसतो. तुझा मागचाबी पुढच्यासंगं नाचतोय. म्हंजी गाळणी मेली. ती का मेली? इंजिन ऑइल खातंय, त्याची राख गाळणीत बसली." मग दादाकडे वळून ते म्हणाले, इंजिन उघडावं लागंल. पिस्टनच्या रिंगा गेल्यात. नुसती गाळणी बदलशील तर तीबी मरंल. आन् आसंच चालवशील तर इंजिन बसंल.

दादाने काढून टाकलेला जुना सेन्सर मामांनी मागून घेतला. तो भिंतीवर गेला. खाली खडूने लिहिलं, वडगाव रासाई.

दादाला इंजिन उघडायचं नव्हतं. त्याला ती गाडी विकून उंच, काळी गाडी घ्यायची होती. हल्ली तो पुढाऱ्यांबरोबर फिरतो, आणि त्या फिरण्यात बुटकी गाडी चालत नाही. हायवेवर कुठेतरी त्याला एक दुकान सापडलं. त्यांनी मागच्या सेन्सरखाली बोटाच्या पेराएवढा पोकळ लोखंडी नट घातला. त्यामुळे सेन्सर नळीतून वर उचलला गेला, धुराच्या वाटेतून बाजूला. त्याला वास येईनासा झाला. रेघ शांत झाली. लाइट किल्लीबरोबर लागायची आणि इंजिनबरोबर विझायची, अगदी शहाण्या मुलीसारखी. इंजिनात दाट ऑइल भरलं, म्हणजे धूरही दिसेना. दादा इतका खूश होता की त्याने मला सगळं समजावून सांगितलं. मी मान हलवली.

गाडी घ्यायला तयार झाल्या त्या लता सिस्टर. राहायला केडगावला, नोकरी दौंडच्या एका दवाखान्यात. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकलेल्या, त्यामुळे गाडीबद्दल बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर नव्या नवरीसारखं काहीतरी यायचं. त्यांची अट एकच होती: मामांनी पास केली पाहिजे.

मामांनी किल्ली फिरवली. लाइट लागली, विझली. स्कॅनर लावला, रेघ शांत. दादा सांगायला लागला, पुण्याला नेऊन सगळं इंजिन काढलं मामा, रिंगा, गाळणी, सगळं. मामांनी हात वर केला. गोणपाट तोवर पसरून झालं होतं. ते माझ्याकडे वळले.

"पोरी, इंजिनाचं काम झालं का?"

दादा माझ्या शेजारी उभा होता. सिस्टरच्या हातात नारळ होता. मामा नेहमीसारखे थांबले होते, मधे न बोलता. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मी त्याच क्षणी स्वतःला सांगितलं, आणि ते इंग्रजीत सांगितलं.

मामांनी गोणपाटाची घडी केली आणि बाजूला ठेवली. गाडीखाली ते गेलेच नाहीत.

"हाय," ते म्हणाले.

सिस्टरनी नारळ फोडला, पेढे वाटले. मलाही दिला. मी खाल्ला.

गाडी तीन आठवडे चालली. मग भीमेच्या पुलावर, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत, ती बंद पडली. तेलाची लाल लाइट लागली तेव्हा फार उशीर झाला होता. पिवळी तर लागलीच नाही. इंजिन बसलं. मागे ट्रॅक्टरवाल्यांनी लावलेली गाणी, हॉर्न आणि शिव्या, पुढे बॉनेटमधून निघणारा धूर, आणि मधे सिस्टर, दवाखान्याच्या गणवेशात. त्यांनी फोन केला तो मामांना. मामा स्कूटरवर आले. गोणपाट आणायचं विसरले होते, तसेच डांबरावर झोपून गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा मुठीत तो नट होता. तिथे जमलेल्यांनी नंतर गावभर सांगितलं की मामांनी नट खिशात घातला आणि एवढंच म्हणाले, "चूक माझी हाय. मी खाली गेलो न्हाई."

दुसरं काही नाही. कोणाला विचारलं होतं, कोणी काय सांगितलं होतं, काही नाही.

आमच्याकडे माणसाने चूक कबूल केली की लोकांना ती अपुरी वाटते. नुसती चूक कशी असेल? काहीतरी खाल्लंच असणार. आणि दादाला विचारलं तर दादा म्हणायचा, "मी काय मेकॅनिक हाय का? मामांनी पास केली." हे तो पारावर म्हणायचा, डेअरीवर म्हणायचा, एकदा जेवताना आईलाही म्हणाला. मी समोर बसून भाकरी मोडत होते.

गाडी नव्हती, म्हणून मी आता कंपनीच्या बसने जात होते आणि रोज सकाळी फाट्यावर उभी राहत होते. समोर गॅरेज. दुचाक्या यायच्या, पंक्चरवाले यायचे. जुन्या गाड्यांच्या पार्ट्या येईनाशा झाल्या. एका संध्याकाळी बसमधून उतरल्यावर मी रस्ता ओलांडला. काय बोलायचं ते ठरवलं होतं. मामा एका टेम्पोखाली होते. टेम्पोवाला स्वतःहून सांगत होता, मीच चालवतो मामा, ऐका तर. नळ्या चाचपत मामा मुकाट्याने काम करत होते. प्रश्न विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला बघितलं. हात पुसले.

"बस येळंवर येती का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

"बरं," म्हणून ते पुन्हा खाली गेले.

जैनबमामी मागच्या दारात मेथी निवडत होत्या. त्यांनी मला बस म्हटलं नाही. मेथीकडेच बघत म्हणाल्या, "मी ह्यांना म्हटलं, सांगा की लोकास्नी, त्या पोरीला इचारलं व्हतं म्हून. तर म्हणं, तिला रोज ह्याच फाट्यावर हुबं ऱ्हायचं आसतं. आपलं काय, आपुन तर टेम्पोखालीच." मग त्यांनी काड्या गोळा करून टोपलीत टाकल्या. "चाळीस वर्सं झाली. माझ्यासाठी एवढं गप कवा बसलं न्हाईत."

त्या रात्री मी दादाला सांगायचं ठरवलं. सकाळी आईला सांगायचं ठरवलं. मग रविवारी. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी आम्ही मावशीकडे जेवायला निघालो होतो, दादाच्या नव्या काळ्या गाडीतून. फाट्यावर गॅरेजपुढे आठ-दहा माणसं उभी दिसली. लता सिस्टर, त्यांचा भाऊ, बाकी बघे. भावाने हात करून दादाला थांबवलं. दादा काच खाली करून, इंजिन चालू ठेवून ऐकत होता.

सिस्टरच्या भावाने कागद लिहून आणला होता. त्याने तो मोठ्याने वाचला. मी गुलाब शेख लिहून देतो की मी पैसे घेऊन सदर गाडी चांगली असल्याचे खोटे सांगितले, व यापुढे कोणाच्याही गाडीबद्दल मत देणार नाही. सिस्टर मान खाली घालून उभ्या होत्या. मला वाटतं त्यांनाही ते पटत नव्हतं, पण बसलेलं इंजिन दारात उभं असलं की माणूस कोणाच्या तरी मागे उभं राहतं.

"पैसं घेतलं न्हाईत," मामा म्हणाले. "त्येवढं खोडा. बाकी करतो सही."

"पैसं घेतलं न्हाईत तर मग पास कशी केली?" भाऊ म्हणाला. "सांगा की कोणाच्या सांगण्यावरनं केली?"

मामांनी कागदासाठी हात पुढे केला. "ऱ्हाऊ द्या तसंच. आणा."

"करा मामा सही, मिटवून टाका," दादा गाडीतूनच म्हणाला. "आमालाबी जायचंय पुढं."

मामा खिशातून चष्मा काढत होते. एक काडी तुटलेली, तिला सेन्सरच्या वायरीचा तुकडा बांधलेला. तो कानावर नीट बसत नव्हता. सिस्टरच्या भावाने त्यांच्या हातात पेन दिलं आणि टेकवायला स्वतःची पाठ वाकवली.

मी दार उघडलं. दादा म्हणाला, कुठं चाललीस? मी खाली उतरले. लोक बाजूला झाले, कारण बाईमाणूस मधे आलं की आमच्याकडे आधी वाट देतात, विचारतात नंतर. मामांनी मला बघितलं आणि हात वर केला, मालकांपुढे करायचे तसा. मी बोलू नये म्हणून.

माझा आवाज इतका बारीक निघाला की सिस्टरचा भाऊ वाकलेल्या पाठीनेच "आँ?" म्हणाला. मग मी पुन्हा म्हणाले, गाडीत बसलेल्या दादालाही ऐकू जाईल असं:

"सही करू नका, मामा. सिस्टर, ह्यांनी मला विचारलं होतं, इंजिनचं काम झालंय का. मी हो सांगितलं. झालं नव्हतं. तो नट घातलाय, हे मला माहीत होतं. तुम्ही दिलेला पेढासुद्धा मी खाल्ला."